इंदूरमध्ये बीएस्सी ॲग्री करायचंय? प्रवेश, अभ्यासक्रम, कागदपत्रं आणि सीमेवरच्या मराठी मुलांनी आधीच पाहून ठेवायच्या गोष्टी

बऱ्हाणपूर, खंडवा, सेंधवा या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला इंदूरचं पोलोग्राउंड हे नाव बहुधा विजेमुळे माहीत असतं. मध्य प्रदेशच्या पश्चिम भागाला वीज पुरवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय तिथं आहे आणि शेतीपंपाची मोठी तक्रार शेवटी तिथवर जाते. बाकी पोलोग्राउंड म्हणजे कारखान्यांची जुनी वसाहत. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांसाठी इंदूरमध्ये दुसरंही एक महत्त्वाचं ठिकाण आहे, ते म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावरचं शासकीय कृषी महाविद्यालय. बारावीचा निकाल लागला की खानदेश, निमाड, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट या पट्ट्यातल्या मराठी घरांत ‘ॲग्रीला कुठं टाकायचं?’ ही चर्चा सुरू होते, आणि त्यात इंदूरचं नाव निघतंच.

ही पदवी नेमकी काय आहे, इंदूरचं महत्त्व कशात आहे, सीमेवरच्या मुलाला कोणत्या राज्यातून प्रवेश मिळू शकतो आणि चुकतं कुठं, याची ही सविस्तर माहिती.

इंदूरच्या कॉलेजची जुनी ओळख

हे कॉलेज उभं आहे ती जागा शेतीच्या इतिहासात जगभर ओळखली जाते. होळकर संस्थानाच्या काळात, 1924 मध्ये इथं ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संशोधन संस्था सुरू झाली. होळकर दरबारानं जमीन दिली. पैशाची बाजू कापसाच्या संशोधनासाठी नेमलेल्या केंद्रीय कापूस समितीनं आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी उचलली. संस्थेचे प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संस्थेत वनस्पतीशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड याही वनस्पतीशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांनी बरोबरीनं काम केलं.

माळव्याची काळी भारी जमीन आणि कापूस हा संस्थेचा मुख्य विषय. मात्र संस्थेचं नाव झालं ते खतामुळे. शेतातला काडीकचरा, कपाशीच्या पऱ्हाट्या, जनावरांच्या गोठ्यातलं शेण, मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, ओल टिकवायची, ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा आणि साधारण 3 महिन्यांत खत तयार करायचं, अशी ही रीत. आपल्याकडच्या कृषीच्या पुस्तकांत ‘कंपोस्टची इंदूर पद्धत’ म्हणून जे शिकवतात ते हेच. हॉवर्ड यांनी ही पद्धत 1931 मध्ये ज्या पुस्तकातून जगापुढे मांडली, त्यावर लेखक म्हणून त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे. पुढं सेंद्रिय शेतीच्या चळवळीनं या कामाचा आधार घेतला. 1935 मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही ही संस्था पाहिली होती.

स्वातंत्र्यानंतर, 1959 मध्ये याच आवारात कृषी महाविद्यालय सुरू झालं. 1964 मध्ये जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कॉलेज त्याच्याकडे गेलं. 2008 मध्ये ग्वाल्हेरला राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ झालं. तेव्हापासून इंदूरसह सीहोर आणि खंडव्याची कृषी महाविद्यालयं ग्वाल्हेरच्या विद्यापीठाखाली आहेत. बालाघाट जिल्ह्यातलं वारासिवनीचं कॉलेज मात्र जबलपूरकडे आहे. गोंदियाच्या शेजारच्या मुलांनी हा फरक लक्षात ठेवावा.

शहरात आणखी काय आहे?

कृषीच्या विद्यार्थ्याला कॉलेजच्या इमारतीपेक्षा आजूबाजूला चालणाऱ्या कामातून जास्त शिकायला मिळतं. त्या बाबतीत इंदूरची बाजू भक्कम आहे. खंडवा रस्त्यावर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिची सुरुवात 1987 मध्ये झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हावरचं प्रादेशिक केंद्रही इंदूरमध्येच आहे आणि ते 1951 पासून चालू आहे. कोरडवाहू शेती आणि क्षारपड जमीन या दोन्ही विषयांवरच्या देशव्यापी प्रकल्पांची केंद्रं कॉलेजशी जोडलेली आहेत.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा याच्याशी थेट संबंध आहे. मराठवाडा आणि विदर्भात कित्येक वर्षं घरोघरी पेरलेलं ‘जेएस 335’ हे सोयाबीनचं वाण मध्य प्रदेशातलं. ‘जेएस’ म्हणजे जवाहर सोयाबीन. हे वाण जबलपूरच्या विद्यापीठानं काढलं. त्यामुळे लातूरचा किंवा वाशिमचा मुलगा इंदूरला शिकायला गेला, तरी पीक त्याच्या ओळखीचंच असतं. फक्त नावं बदलतात. हरभऱ्याला चना, तुरीला अरहर, जवसाला अलसी आणि करडईला कुसुम म्हणायची सवय पहिल्या दोन महिन्यांत होऊन जाते.

ही पदवी आहे तरी काय?

पूर्ण नाव बीएस्सी (ऑनर्स) ॲग्रिकल्चर. मुदत 4 वर्षं, म्हणजे 8 सेमिस्टर. अभ्यासक्रमाची चौकट दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान परिषद, म्हणजे आयसीएआर ठरवते. त्यामुळे राहुरी असो, धारवाड असो की इंदूर, विषय साधारण सारखेच असतात. मुख्य विभाग असे:

- कृषीविद्या: पीक कधी, कसं आणि किती अंतरावर घ्यायचं, तण आणि पाणी व्यवस्थापन
- मृदाशास्त्र: माती परीक्षण, खतं, चोपण आणि क्षारपड जमिनी
- वनस्पती प्रजनन आणि बियाणं: वाण कसं तयार होतं, बीजोत्पादन
- कीटकशास्त्र आणि रोगशास्त्र
- उद्यानविद्या: फळं, भाजीपाला, फुलं
- कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, कृषी अभियांत्रिकी, पशुसंवर्धन

‘शेतीचं शिक्षण म्हणजे सोपं’ हा समज घेऊन येणारी मुलं पहिल्याच वर्षी अडखळतात. जनुकशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय घोटवावेच लागतात. पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत असतात. वर्गात शिकवताना हिंदी बरीच वापरली जाते, पण उत्तरपत्रिका इंग्रजीतच लिहावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं पहिल्या सेमिस्टरपासून तांत्रिक शब्दांची वही ठेवली, तर पुढं त्रास कमी होतो. हजेरीही कडक असते. प्रॅक्टिकल बुडवून परीक्षेला बसता येईल, असं गृहीत धरू नये.

‘रावे’: गावात राहून शिकायचं सेमिस्टर

शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला खेडेगावात पाठवलं जातं. ग्रामीण कृषी कार्यानुभव असं त्याचं नाव, पण सगळे त्याला ‘रावे’च म्हणतात. महाराष्ट्रातल्या पेपरांत ‘कृषिदूतांनी दिलं बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक’ किंवा ‘कृषिकन्यांनी सांगितलं माती परीक्षणाचं महत्त्व’ अशा बातम्या येतात, त्या याच सेमिस्टरच्या. गावाचा नकाशा काढणं, शेतकऱ्याच्या पेरणीपासून विक्रीपर्यंतच्या नोंदी ठेवणं, प्रात्यक्षिकं देणं आणि शेवटी अहवाल, असा तो कार्यक्रम असतो. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये अनुभवाधारित शिक्षण असतं. त्यात बीजोत्पादन, मशरूम, रोपवाटिका, दूधप्रक्रिया अशा एखाद्या विषयात विद्यार्थी स्वतः माल तयार करतात, विकतात आणि हिशेब मांडतात.

ज्यानं घरी कधी औत धरलेलं नाही, त्याला इथं शेतकऱ्याशी बोलायला शिकावं लागतं. ज्याचं घरच शेतीवर चालतं, त्याला मात्र पहिल्यांदा आपल्या बापाच्या शेतीचा हिशेब कागदावर दिसतो. एकरी खर्च किती, हाती आले किती, घरच्या माणसांची मजुरी धरली तर उरतं काय, हे सगळं समोर येतं.

प्रवेशाचे चार रस्ते

*मध्य प्रदेश.* राज्याची कर्मचारी निवड मंडळाची ‘पीएटी’ म्हणजे प्री-ॲग्रिकल्चर टेस्ट असते. पूर्वी याच मंडळाला व्यापमं म्हणत. भौतिक-रसायन-गणित, भौतिक-रसायन-जीवशास्त्र किंवा बारावी कृषी गट, यांतला कोणताही विद्यार्थी बसू शकतो. मध्य प्रदेश बोर्डात अकरावी-बारावीला कृषी हा स्वतंत्र गट आहे. पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो. राज्याच्या जागांसाठी मूळ निवासी प्रमाणपत्र महत्त्वाचं.

*महाराष्ट्र.* राज्याच्या सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे पेपर मराठीतूनही देता येतात. राज्यात 4 कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. बऱ्हाणपूरला सगळ्यात जवळ जळगाव जिल्ह्यातली कॉलेजं आणि धुळ्याचं कॉलेज, ती राहुरीकडे. बैतूल-छिंदवाड्याला जवळचं नागपूरचं कॉलेज. ते 1906 पासूनचं आहे आणि आता अकोला विद्यापीठाखाली येतं. शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्यावर भारांक मिळतो. पण तो सातबारा महाराष्ट्रातला असावा लागतो का, जमीन कोणाच्या नावावर चालते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचावं.

*कर्नाटक.* बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांना जवळचं म्हणजे धारवाडचं कृषी विद्यापीठ. प्रवेश कर्नाटकच्या सीईटीतून. शेतकरी कुटुंबातल्या मुलांसाठी राखीव कोटा आहे आणि त्यासाठी वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा होते. बियाणं, अवजारं, पिकं ओळखायला सांगतात. शेतात काम केलेल्या पोराला ही परीक्षा अवघड जात नाही.

*अखिल भारतीय.* देशभरातल्या कृषी विद्यापीठांतल्या काही जागा आयसीएआरकडून भरल्या जातात. 2023 पासून त्यासाठी सीयूईटी-यूजी ही परीक्षा धरली जाते. ती मराठीतूनही देता येते. सीमेवरच्या मुलांसाठी हा रस्ता सर्वांत मोलाचा आहे, कारण इथं राज्याच्या रहिवासी दाखल्यावर गाडी अडत नाही. स्वतःच्या राज्याबाहेर शिकणाऱ्यांसाठी आयसीएआरची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही याच प्रवेशाशी जोडलेली आहे.

सीमेवर घोटाळा होतो तो कागदांत

मार्क कमी पडले म्हणून जागा गेली तर घरचे समजून घेतात. मार्क असूनही दाखल्यापायी जागा जाते तेव्हा जास्त लागतं, आणि सीमाभागात हे दरवर्षी घडू शकतं. कारण साधं आहे. घर एका राज्यात, शाळा दुसऱ्या राज्यात आणि जमीन कधी कधी दोन्हीकडे.

उदाहरण घेऊ. घर बऱ्हाणपूर जिल्ह्यात, पण मराठी माध्यम हवं म्हणून मुलगी मामाकडे रावेरला राहून दहावी-बारावी झाली. महाराष्ट्र तिला विचारणार: अधिवास दाखला आहे का? मध्य प्रदेश विचारणार: मूळ निवासी आहेस का, शिक्षण कुठं झालं? दोन्ही राज्यांच्या नियमांत शाळा, जन्मस्थान आणि आई-वडिलांचं राहणं यांना वेगवेगळं वजन आहे. म्हणून अकरावीत नाव घालतानाच ठरवावं की कोणत्या राज्याच्या कोट्यातून पुढं जायचं. बारावीनंतर ते ठरवायला फार उशीर झालेला असतो.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या राखीव जागेला चालेल असं समजू नये. इतर मागासवर्गाच्या राज्यवार याद्या वेगळ्या असतात. एकच समाज नदीच्या अलीकडे एका प्रवर्गात आणि पलीकडे दुसऱ्या प्रवर्गात असू शकतो. महाराष्ट्रात त्यावर जात पडताळणीही लागते, आणि तिला वेळ जातो.

कर्नाटक सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद असते. विवादित भागातला रहिवास आणि मराठी मातृभाषा यांचे दाखले त्यासाठी लागतात. कृषीच्या प्रवेशासाठी ती कशी लागू आहे, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहावं. ही तरतूद महाराष्ट्र-कर्नाटक वादापुरती आहे. बऱ्हाणपूर, बैतूल किंवा छिंदवाड्याच्या मराठी कुटुंबांना तिचा आधार नाही.

फाइलमध्ये आधीच लावून ठेवायचे कागद: दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास किंवा मूळ निवासी, जात आणि लागू असेल तर पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आणि जमिनीचा उतारा. उताऱ्याचं नावही राज्यागणिक बदलतं. महाराष्ट्रात सातबारा, मध्य प्रदेशात खसरा आणि बी-1, कर्नाटकात पहाणी. सगळ्या कागदांवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकसारखं आहे ना, हे तपासा. देवनागरीतून इंग्रजीत आणि कन्नडमधून परत मराठीत जाताना आडनावाचं एखादं अक्षर बदलतं आणि पडताळणीच्या टेबलावर तेच अडतं.

खासगी कॉलेज घेण्याआधी

शासकीय जागा मर्यादित असतात. त्यामुळे इंदूर आणि आसपास खासगी संस्थांच्या जाहिराती भरपूर दिसतात. त्यातल्या काही चांगल्याही असतील, पण पैसे भरण्याआधी 4 प्रश्न विचारावेत.

1. पदवी 4 वर्षांची बीएस्सी (ऑनर्स) ॲग्रिकल्चर आहे की 3 वर्षांची साधी बीएस्सी, ज्यात कृषी हा एक विषय आहे? दोन्ही एक नव्हेत.
2. कॉलेजला आणि अभ्यासक्रमाला आयसीएआरचं अधिस्वीकरण आहे का? आहे म्हणत असतील तर पत्र आणि त्याची मुदत पाहावी. पुढं शासकीय कृषी विद्यापीठात एमएस्सी करायची झाली, तर इथंच दार बंद होऊ शकतं.
3. स्वतःची शेती किती आहे? पाणी आहे का? प्रयोगशाळा प्रत्यक्ष चालू आहे का? शनिवारी जाऊन शेतात उभं राहिलं की उत्तर मिळतं.
4. रावेसाठी विद्यार्थी प्रत्यक्ष गावात राहतात की अहवाल तयार मिळतो?

खर्च मांडताना नुसती फी धरू नये. वसतिगृह, मेस, प्रॅक्टिकलच्या वह्या, शैक्षणिक सहली, रावेच्या काळात गावातलं राहणं आणि सणावाराला घरी जाण्याचं भाडं हे सगळं मिळून 4 वर्षांचा आकडा काढावा. शासकीय कॉलेजात जागा मिळाली तर हा आकडा बराच खाली येतो. खासगी कॉलेजात बसायचं म्हणून जमीन गहाण टाकायची वेळ येत असेल, तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी हा सल्ला वाईट नाही.

राहणं आणि जाणं-येणं

धुळ्याहून शिरपूर-सेंधवामार्गे आग्रा-मुंबई रस्ता सरळ इंदूरला जातो. बऱ्हाणपूर-खंडव्याकडून येणारे इंदूर-इच्छापूर रस्त्यानं येतात. पत्ता विचारताना एक काळजी घ्यावी. पोलोग्राउंड आणि कृषी महाविद्यालय शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत, त्यामुळे स्वस्त खोली पाहताना रोजचं अंतर मोजावं. सकाळची प्रॅक्टिकलं शेतात असतात आणि ती लवकर सुरू होतात. पहिल्या वर्षी वसतिगृह मिळालं तर तेच घ्यावं.

भाषेची भीती बाळगू नये. होळकरांच्या या शहरात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर या भागांत मराठी कानावर पडतं. गणपती-दिवाळीला घर आठवलं, तर मोदक-चकलीचं आमंत्रण देणारं कोणीतरी भेटतंच.

पदवीनंतर

सगळ्यांना सरकारी अधिकारी व्हायचं असतं, पण जागा तितक्या निघत नाहीत. म्हणून पर्याय आधीपासून माहीत असावेत.

*सरकारी नोकरी:* महाराष्ट्रात एमपीएससीची कृषी सेवा आणि कृषी विभागाची गावपातळीवरची पदं, मध्य प्रदेशात ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी. ज्या राज्यात अर्ज करायचा तिथली भाषेची, रहिवासाची आणि नोंदणीची अट बघावी.

*बँक:* आयबीपीएसची कृषी क्षेत्र अधिकारी परीक्षा आणि नाबार्ड. इथं पदवी कोणत्या राज्यातली यानं फरक पडत नाही.

*पुढचं शिक्षण:* एमएस्सी, पीएचडी, कृषी व्यवसाय व्यवस्थापन.

*स्वतःचा व्यवसाय:* कीटकनाशक विक्रीचा नवा परवाना काढायला आता संबंधित शैक्षणिक पात्रता लागते, त्यामुळे गावात कृषी सेवा केंद्र टाकताना ही पदवी थेट उपयोगी पडते. 2002 पासून केंद्राची ‘ॲग्री-क्लिनिक आणि ॲग्री-बिझनेस सेंटर’ ही योजना चालू आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेच्या देखरेखीखाली मोफत प्रशिक्षण मिळतं आणि त्यानंतर बँक कर्ज व अनुदानासाठी अर्ज करता येतो.

*घरची शेती:* हा पर्याय शेवटी सांगितला जातो, पण तो कमीपणाचा नाही. माती परीक्षण वाचता येणारा, वाणाची निवड स्वतः करणारा आणि दुकानदार सांगेल ती बाटली न उचलणारा एक माणूस घरात असला, तरी खर्चात फरक पडतो.

कॉलेजच्या जमिनीचा प्रश्न

इंदूर वाढत गेलं आणि एकेकाळी गावाबाहेर असलेली कॉलेजची शेती शहराच्या मधोमध आली. 2022 मध्ये या जमिनीचा दुसऱ्या कामासाठी वापर करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, शेतीच करायची तर शहराबाहेर करा. पण संशोधनाची जमीन कोरड्या कागदासारखी बदलता येत नाही. एकाच तुकड्यावर वर्षानुवर्षं तेच पीक, तीच खतमात्रा देऊन मातीत काय बदल होतो हे मोजलेलं असतं. जागा बदलली की ती मालिका तिथंच तुटते, आणि नव्या जागी पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. शेतीविना कृषी महाविद्यालय म्हणजे विहिरीविना मोट. प्रवेश घेणाऱ्यानं कॉलेज पाहायला जाताना इमारतीआधी ही शेती फिरून यावी. पुढची 4 वर्षं शिक्षण तिथंच होणार आहे.

थोडक्यात

- राज्याची परीक्षा आणि सीयूईटी, दोन्हींचे अर्ज भरा. सीमेवरच्या मुलानं एकाच दोरीला लटकू नये.
- कोणत्या राज्याच्या कोट्यातून जायचं ते अकरावीतच ठरवा.
- तारखा आणि नियम दरवर्षी बदलतात. गेल्या वर्षीच्या मुलाकडून ऐकलेल्या माहितीवर विसंबू नका, चालू वर्षाची पुस्तिका वाचा.
- खासगी कॉलेजचं अधिस्वीकरण कागदावर पाहिल्याशिवाय पैसे भरू नका.
- दाखल्यांवरची नावं आत्ताच जुळवून घ्या. तहसील कचेरीतली गर्दी निकालानंतर वाढते.